वास्तुशांतीच्या खोक्यातला समुद्र

मी स्लाइड प्रोजेक्टर बोलतोय. आवाज जरा मोठा आहे माझा, त्याला इलाज नाही. दिवा लागला की अंग भट्टीसारखं तापतं, म्हणून पोटात पंखा बसवलाय, आणि तो घरघरत असताना हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. गोष्ट मात्र माझी कमी आणि सुनेत्राची जास्त आहे. माझ्याखेरीज ती सांगेल असं दुसरं कोणी नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारखान्यातला. तिथून ट्रकमध्ये बसून निघालो तो थेट ॲरिझोनात, फीनिक्सच्या दुकानात. तिथून हेमचंद्रनं मला उचललं. तो जवळच्या चँडलर गावातल्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. घरी आणल्यावर सुनेत्रानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला हळदकुंकू लावलं, आणि त्यानं सूचनांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. शेजारच्या गोऱ्या घरात माझा एक भाऊबंद होता. त्याच्या नशिबी कुंकूही आलं नाही आणि पुस्तकही कोणी उघडलं नाही.

त्या काळी इथल्या मराठी घरी जेवायचं आमंत्रण म्हणजे मागाहून स्लाइड बघणं आलंच. श्रीखंडपुरी चापून झाली की पाहुण्यांना सोफ्यावर बसवायचं, दिवे घालवायचे आणि मला सुरू करायचं. "हा ग्रँड कॅन्यन. हा ग्रँड कॅन्यन दुसऱ्या बाजूनं. ही आमची नवी गाडी, मागे ग्रँड कॅन्यन." पाहुणे अंधारात पेंगत, आणि पुढच्या शनिवारी आपल्या घरी बोलावून आपला ग्रँड कॅन्यन दाखवत. फिटंफाट.

स्लाइड्स भरलेले गोल ट्रे माझ्या डोक्यावर चढवतात. त्यात सगळ्यात पडेल ट्रे होता वास्तुशांतीचा. चँडलरला घर घेतल्यावर मोठ्या हौसेनं होम केला, तर धुरानं छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. पौरोहित्य करणारे विष्णूकाका मंत्राचा आवाज चढवताहेत, हेमचंद्र स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालतोय, आणि फोटो काढणारा भलत्याच उत्साहात. अख्ख्या ट्रेभर नुसता धूर. तो ट्रे निघाला की माणसं चपला शोधू लागत.

आता माल्टाकडे येतो.

दर तीन वर्षांनी त्यांची इंडिया ट्रिप असायची. बॅगा भरून चॉकलेटं न्यायची, आणि उतरल्यापासून आज या काकूंकडे, उद्या त्या मावशींकडे. हर्णैला सासरी पोचलं की सुनेत्रा पदर खोचून स्वयंपाकघरात. हेमचंद्र पडवीत गप्पा मारणार आणि ही नारळ खवणार. कोणी छळलं असं नाही हं. सासूबाईंनी, माईंनी, तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. पण सून आली म्हणजे सून आली. घरामागे समुद्र, तरी त्यात घोट्यापलीकडे तिचे पाय कधी भिजले नाहीत.

"अहो, या वेळी एक व्हेकेशन घेऊ या," ती एकदा म्हणाली. "खरी व्हेकेशन. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही."

मैत्रीण रेखाकडे एका बेटाची रंगीत पुस्तिका होती. माल्टा. भूमध्य समुद्रात, ऊन भरपूर, इंग्रजी चालतं. बेटावर काय काय करता येतं त्याची दहा चित्रं. सुनेत्रा भाजी चिरतानाही ती उघडी ठेवायची. मे महिन्यातलं बुकिंग झालं, रजा मंजूर झाली, आणि त्याच आठवड्यात हर्णैहून फोन आला. सासऱ्यांना, अण्णांना, एक्क्याऐंशीवं लागणार होतं. सहस्रचंद्रदर्शन मे महिन्यातच करायचं ठरलं होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला मुलानं, सुनेनं, नातवंडांनी दिवे लावून ओवाळायचं असतं. या म्हणाले.

हेमचंद्र रिसीव्हरवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मी समोरच्याच फळीवर होतो. कॅन्सल करतो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "सांगा ना, रजा मिळत नाही म्हणून."

त्यानं सांगितलं. तिकडून अण्णा एवढ्या मोठ्यानं बोलले की मलाही ऐकू आलं. "कामाला आधी मान, हेमू. चंद्र काय, आहेच."

मे महिन्यात मुलीला घेऊन दोघं माल्टाला जाऊन आली. मग दिवाळीच्या तोंडावर अण्णा गेले. हेमचंद्र एकटा धावला, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आला तो डोकं भादरलेला आणि मुका. सुनेत्राला त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तिला तेच खुपत होतं. माल्टाचा ट्रे त्या दिवसापासून माझ्या डोक्यावर चढला नाही. पोहण्याचा पोशाख तिनं दुकानाबाहेरच्या दानपेटीत टाकून दिला. भांडी घासताना मधेच थांबायची आणि नळ तसाच वाहू द्यायची.

पुढच्या वर्षी उन्हाळा लागता लागता माईंना इकडे आणायचं ठरलं, तेव्हा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. घरात माल्टा नको. फेकून द्यावा तर हात होईना. शेवटी तिनं एक नामी युक्ती काढली. जो ट्रे कोणी कधी मागत नाही, त्याचं खोकं गाठायचं. धुराच्या स्लाइड्स बुटांच्या डब्यात ओतल्या आणि माल्टाचा ट्रे 'वास्तुशांत' लिहिलेल्या खोक्यात बसवला. हेमचंद्रला सांगितलं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही.

शहाणी बाई. पण जो ट्रे अमेरिकेतलं कोणी मागत नाही, तोच हर्णैची बाई पहिल्यांदा मागेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

माई आल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, पण डोळे तल्लख. पहिल्याच शनिवारी रेखा आणि तिचा नवरा गुरुदत्त त्यांना भेटायला जेवायला आले. जेवणं झाली. सुनेत्रा आत मसाला दूध उकळत होती.

"वास्तुशांतीला आम्हाला काही येता आलं नाही," माई म्हणाल्या. "ती तरी दाखव रे हेमू."

हेमचंद्र खूश. इतक्या वर्षांत पहिलं गिऱ्हाईक. गुरुदत्तनं केविलवाणा चेहरा केला, रेखानं त्याला कोपरानं ढोसलं. खोकं उघडलं, ट्रे माझ्यावर चढला, दिवे गेले. मला वजनावरूनच कळलं, पण मला विचारतो कोण.

खट्. भिंतभर निळं पाणी.

हेमचंद्रनं दचकून वायरचं बटण दाबलं. खट्. नाकाडावर दोन डोळे रंगवलेली होडी, आत हेमचंद्र आणि त्यांची मुलगी रुपाली. पुन्हा दाबलं. खट्. समुद्रातली गुहा. खट्. तटबंदीचं जुनं गाव, हातात चीज भरलेल्या खारीसारखं काहीतरी, हेमचंद्रचं तोंड भरलेलं. सुटायला बघावं तर दर वेळी आधीपेक्षा मोठी मजा समोर.

"आजी, दॅट्स माल्टा," रुपाली म्हणाली. वय वर्षं दहा, पोटात पाप नाही. "वी वेंट लास्ट इयर. आजोबांचं ते दिव्यांचं फंक्शन होतं ना, तेव्हा."

सुनेत्रा दुधाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तशीच उभी राहिली. गुरुदत्त म्हणाला, "चला, उद्या लवकर उठायचंय." उद्या रविवार होता.

हेमचंद्रनं परत बटण दाबलं, आणि भिंतीवर आली ती सुनेत्रा. खांद्यापर्यंत पाण्यात, निळ्या पोहण्याच्या पोशाखात, ओले केस तोंडावर, आणि हसतेय. मान मागे टाकून, दात दिसतील अशी.

त्यानं दिवा बंद करायला हात पुढे केला.

"थांब," माई म्हणाल्या. "बघू दे मला. सावकाश लाव."

मग त्यांनी पुढच्या बऱ्याच स्लाइड्स बघितल्या. हे काय, ते काय, विचारत. खडकात खोदलेल्या चौकोनांत समुद्राचं पाणी वाळवून मीठ करतात, हे हेमचंद्रनं सांगितलं. भाड्यानं मोटरसायकल मिळते. गावच्या देवाच्या जत्रेत दारूकाम असतं. तो शाळेतल्या पोरासारखा उत्तरं देत होता आणि त्याचा आवाज प्रत्येक उत्तराला खाली जात होता.

"समुद्रच की," माई म्हणाल्या. "समुद्र आपल्या घरामागेही होता रे."

रेखा बांगड्या मागेपुढे करत बसली. माई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या.

"ह्यांना शेवटपर्यंत वाटत होतं तुला रजा मिळाली नाही. येईल त्याला सांगायचे, मुलाचं केवढं काम आहे म्हणून. ओवाळायला पुतण्या उभा राहिला, तर त्यालासुद्धा ऐकवलं. तेवढं एक बरं झालं." मग सुनेत्राकडे वळून म्हणाल्या, "मीही गावात तेच सांगितलंय. तेच राहील. तुम्ही काळजी करू नका."

आणि खोलीत गेल्या. दुधावर साय धरली. शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या हो. आपलं खोटं म्हाताऱ्या बाईनं आपल्या डोक्यावर घेतलं, आता ती गावाला जाऊन ते जन्मभर राखणार, हे सुनेत्राला सोसेना. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडली आणि हेमचंद्र ओल्या हातांनी कप विसळत राहिला.

सोमवारी तो कामावर गेला, रुपाली शाळेत. बाहेर चँडलरचं ऊन नुसतं पेटलं होतं. सुनेत्रानं तो ट्रे उचलला, कचऱ्याच्या पिशवीचं तोंड उघडलं, आणि मागून माई म्हणाल्या, "पडदे ओढ. तो पाण्यातला लाव."

"माई, चुकलं हो माझं. रजेचं मीच म्हणायला लावलं त्यांना."

"ते माहीत आहे मला. हेमूला सुचलं नसतं. लाव."

तिनं मला सुरू केलं. भिंतीवर पुन्हा ती निळ्या पाण्यात हसू लागली. माई खुर्ची पुढे ओढून, पार भिंतीजवळ जाऊन बसल्या. इतक्या जवळ की त्यांच्या पांढऱ्या केसांवरही थोडा समुद्र पडला.

बराच वेळ बघितल्यावर म्हणाल्या, "तुझं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली. माझ्या घरात तुला असं हसताना मी एकदाही पाहिलं नाही."

सुनेत्रानं हातातली कचऱ्याची पिशवी घडी घालून खाली ठेवली.

"तुझं हसणंच असेल तेवढं, असं मी समजत होते. तोंडाला पदर लावून, हूं. मला वाटायचं, सून गुणाची आहे. मी तर चारचौघींत मिरवायची तुला." त्या भिंतीवरून तिच्याकडे वळल्या. "आमच्याकडे यायचं तुझ्या जिवावर यायचं का गं?"

"नाही हो माई," सुनेत्रा म्हणाली. लगेच म्हणाली. सुनांना हे उत्तर झोपेतही येतं.

"एक खोटं झालं. ते मी पदरात घेतलं. आता हे दुसरं नको मला."

माझा पंखा घरघरत होता. सुनेत्रानं माझ्या पाठीवर हात टेकला होता. चटका बसत असणार, पण तिनं तो काढला नाही.

"हो," ती म्हणाली. "यायचं."

माईंनी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. उत्तर जिव्हारी लागलं त्यांना, हे मला दिसलं. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी पदराच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढचा लाव."

तीन वर्षं झाली त्याला. आता घरात व्हिडिओ कॅमेरा आलाय आणि माझी रवानगी गराजमध्ये, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. दिवा केव्हाच गेला. हेमचंद्र म्हणतो, हा खटारा कोणाला तरी देऊन टाकू. सुनेत्रा म्हणते, राहू द्या. मधे दोनदा ती हर्णैला जाऊन आली. तिथे काय झालं, ती हसली की नाही, मला ठाऊक नाही. मी गेलो नव्हतो, आणि इथे येऊन कोणी मला सांगत नाही.

पण काल बरणी काढायला आलेली रुपाली मैत्रिणीला सांगत होती की आजी ख्रिसमसमध्ये परत येतेय. म्हणून विनंती एवढीच, की मला एक दिवा आणून बसवा. फार महाग मिळत नाही. माईंना सगळा ट्रे बघायचा होता आणि त्या दिवशी अर्ध्यातच रुपालीची शाळा सुटली. त्यांचं वय झालंय. आणि सुनेत्राला, मला वाटतं, अजून बरंच काही खरं सांगायचं राहिलंय. उजेडात ते तिला जमायचं नाही.