उगवलेली किडनी

रविवारी सकाळी अकरा वाजता उल्हासनगर कॅम्प १ मधल्या एका हॉलमध्ये महिपती भोईरांचा सीटी स्कॅनचा रिपोर्ट माइकवरून वाचण्यात आला.

"दोनों किडनी नॉर्मल! स्टोन गायब!" फुंकरबाबा गरजले. "डॉक्टर चाकू चलाता है, हम सिर्फ फूंक मारते हैं!"

टाळ्या, नारळ, हुंदके. मांजर्लीचे महिपती बाबांच्या पायांवर आडवे झाले. त्यांची मुलगी तेजल मात्र ताडकन उठली.

"दोन्ही? अप्पा, तुम्ही एक काकाला दिलीय ना!"

बाबांनी एक घोट पाणी प्यायलं.

"बेटी, हमने दूसरी उगा दी."

"साईं, कमाल!" पुढच्या रांगेतला एक सिंधी भक्त ओरडला. या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या.

तेजलनं स्कॅनची सीडी बदलापूरच्या डॉ. ऋता काणेंना दाखवली. डॉक्टरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"डावीकडे किडनी नाही. उजवीकडे हा पांढरा ठिपका दिसतो? तोच खडा. आता खाली सरकून लघवीच्या वाटेत अडकलाय."

"मग नॉर्मल कसं लिहिलं?"

"लिहिलं कुणी? सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मल रिपोर्टचा मजकूर तयारच असतो. फोटो बघून डॉक्टरनं तो बदलायचा असतो. तुम्ही स्कॅन काढला त्या सेंटरमध्ये फोटो न उघडताच सही झालेली दिसते. बाबाचे सेवक सगळ्या भक्तांना तिथंच नेतात ना? मग सगळेच बरे होणार!"

अंबरनाथच्या त्या सेंटरच्या मॅनेजरला लाज नव्हती. "टायपिंग मिस्टेक, मॅडम. सुधारून देतो."

दिलंही. नियमाप्रमाणे जुना मजकूर वर तसाच राहिला, दुरुस्ती खाली जोडली गेली. तेजलनं तो कागद वडिलांपुढे धरला.

"वर नॉर्मलच लिवलंय ना, पोरी," महिपती म्हणाले. "खालचं मशीननं लिवलंय."

नेमकं उलट होतं.

फुंकरीनं खडा जात नाही, किडनी उगवत नाही. रिपोर्टसोबत फोटो मागून घ्या आणि बाबाशी लागेबांधे नसलेल्या डॉक्टरला दाखवा. एवढं केलं तरी असे हॉल ओस पडतील.

एकुलती किडनी वाचवायची तर ताबडतोब दाखल करा, असं डॉ. ऋतांनी सांगितलं होतं. बुधवारी सकाळी महिपती हॉलमध्येच होते, अंगाऱ्याचं पाणी पीत. बाहेर तेजल रिक्षा थांबवून उभी होती. आदल्या रात्रीपासून त्यांना लघवी झालेली नव्हती.