जास्वंदीला आज किती?

वाटूरला आमचं घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढे ओटा, ओट्याच्या पायऱ्या, मग मोकळं अंगण, अंगणाच्या शेवटी फाटक आणि फाटकाबाहेर रस्ता. त्या रस्त्यावरून ट्रक जातात, उसाचे ट्रॅक्टर जातात, आणि कोणी कोणासाठी ब्रेक मारत नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या अंगणात मी सडा टाकला आणि धुणं वाळत घातलं, एवढंच. बागबिग हे रिकामटेकड्या बायकांचं काम, असं माझं ठाम मत होतं.

मागच्या होळीनंतर माझ्या लेकीच्या, अर्पिताच्या, डोळ्यांचं कळलं. ती तेव्हा सहावीत होती. दिवेलागणीला पायरी चुकायची, ताटातली चटणी चाचपडत शोधायची, आणि आम्ही तिला धांदरट म्हणायचो. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा वाळत चाललाय. आधी अंधारातलं दिसणं जाईल, मग उजेडातलं. औषध नाही. किती दिवस आहेत हातात, तर तेही सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "नात्यात लग्न झालंय का तुमचं?"

माझा नवरा कल्याण खाली बघायला लागला. मीही खाली बघितलं. आम्ही आते-मामे भावंडं. माझी सासू गोजरबाई ही माझ्या वडिलांची सख्खी बहीण, म्हणजे माझी आत्या. भावाची लेकच सून करीन, हा तिचा हट्ट होता. ती बाहेर बाकावर बसलेली, दार उघडं, तिने सगळं ऐकलं. घरी आल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. मला तिची कीव आली नाही. कीव करायला माझ्यात जागाच उरली नव्हती.

मला दिसत होता तो रस्ता. मी काही जन्मभर हिचा हात धरायला पुरणार नाही. म्हणून मी एकच धरून बसले. अर्पिताला दिसतंय तोवर ओट्यापासून फाटकापर्यंतची वाट तिच्या अंगवळणी पाडायची. कुठे वळायचं, कुठे हौद आहे आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं, हे तिला कोणाला न विचारता कळलं पाहिजे. आणि रंग जेवढे बघायचे तेवढे तिने आत्ताच बघून घ्यायचे, साठवून ठेवायचे. पुढे तेच पुरवून पुरवून वापरायचे आहेत.

घराभोवती बाग कशी आखावी याचे मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. तिथली माणसं हिरवळीला उतार कसा द्यावा आणि कारंजं कुठे बसवावं ते सांगायची. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. पण त्यातून एक गोष्ट हाती लागली. आधी झाड विकत घ्यायचं नाही, आधी घरातलं माणूस अंगणात कसं चालतं ते बघायचं. मग मी अर्पिताच्या मागे मागे फिरले, तिचं पाऊल जिथे पडतं तिथे फक्कीने पांढरी रेघ ओढली. एरवी आत्याने "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणून टोमणा मारला असता. त्या दिवशी ती आतून फक्कीचं घमेलं घेऊन आली आणि माझ्या शेजारी धरून उभी राहिली. आमच्या घरात 'आंधळं दळतं' ही म्हण तेव्हापासून कोणी उच्चारत नाही.

पहिली बाग मी चुकीची लावली. अर्पिताला संध्याकाळी दिसत नाही, म्हणून मी संध्याकाळी घमघमणारी झाडं आणली. पायरीपाशी मोगरा, वळणावर रातराणी, फाटकाशी जाई. वासावरून पोरगी ओळखेल कुठे आलोय ते, असा माझा हिशोब. उन्हाळाभर आंघोळीचं पाणी, धुण्याचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं त्या रोपांना. श्रावणात फुलं आली तेव्हा मला वाटलं, जिंकले.

दिवस मावळल्यावर अर्पिताला पायरीपाशी उभं केलं आणि म्हटलं, जा फाटकापर्यंत. ती चार पावलं गेली आणि उभी राहिली.

"आई, सगळीकडून एकच वास येऊन राह्यलाय. मी कुठं हाये तेच कळंना."

रातराणीने मोगऱ्याला आणि जाईला गिळून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः डोळे मिटून अंगणात उभी राहिले. एकाही झाडाचा वास नाही. आणि डॉक्टर तर म्हणाले होते, पुढे उजेडातलंही जाणार. ही बाग दिवसा मुकी होती आणि रात्री सगळी झाडं एकदम बोलत होती. मला त्या दुपारी मरून जावंसं वाटलं. मी रातराणी दोन्ही हातांनी उपटली, हाताची साल निघेपर्यंत, आणि पायरीवर बसून रडले. अर्पिता शाळेतून आली ती माझ्याशेजारी बसून राहिली.

मग एकदा चहात टाकायला शेजारून गवती चहा आणला आणि तोडताना हाताला वास राहिला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपणहून वास सोडणारं झाड माझ्या कामाचं नव्हतं. हात लागल्यावर बोलणारं पाहिजे होतं. मी सगळं पुन्हा आखलं. पायऱ्या उतरलं की उजव्या हाताला गवती चहाची रांग. रांग संपली की वळण, तिथे ओव्याचं झाड, जाड लवदार पानांचं, चुरगळलं की घरभर वास येईल असं. हौदाच्या अलीकडे कोरफड, बोचली की बाजूला व्हायचं. मग कढीपत्ता. पायाखाली शहाबादी फरशी, ती कल्याणने दुकान बंद करून आल्यावर एकट्याने बसवली. त्याचं फाट्यावर मोटारी भरण्याचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्याचं, दुकान आहे, हात कायम काळे, बोलणं कमी. आणि फाटकाच्या अलीकडे वावभर, म्हणजे चार हात, खडी. पायाखाली खडी वाजली की थांबायचं.

दसरा झाला होता, दिवाळी तोंडावर होती. निळं फाटक मी पिवळंधम्मक रंगवलं, कारण पिवळा रंग डोळ्यांना शेवटपर्यंत दिसतो असं कुठेतरी ऐकलं होतं. कुंपणावर गोकर्ण चढवला, निळ्या रंगासाठी. झेंडू दाट लावला. मी अर्पिताला हात धरून सगळं दाखवायची, हे बघ, ते बघ, नीट बघून ठेव.

"छान दिसून राह्यलंय आई," ती म्हणायची.

बाग लावणं सोपं असतं, राखणं जीव खातं. गवती चहाची पाती वाढली की हाताला कापतात, ती छाटायची. खडीवर धूळ बसली की खडी वाजत नाही, म्हणून रोज खराटा आणि आठवड्यातून एकदा खडी चाळून परत पसरायची. शेळ्या हाकलायच्या. माझी कंबर धरली, नखं काळी झाली, माहेरच्या लग्नाला गेले नाही. मला थांबायची भीती वाटायची.

त्या अंगणात आधीपासूनचं असं एकच झाड होतं, आत्याची जास्वंद, देवाला फुलं व्हावीत म्हणून तिने लावलेली. फाटकाच्या अलीकडे, ओट्यापासून बरीच लांब. रोज सकाळी अर्पिता शाळेचा ड्रेस घालून ओट्यावर बसायची, शेजारी आत्या वाती वळत बसलेली. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "अर्पिता, जास्वंदीला आज किती?"

"दोन," ती सांगायची. कधी "तीन." कधी "आज एकच, पण मोठं हाये."

मी खिडकीतून बघायची. बरोबर तेवढीच असायची. मग माझ्या जिवात जीव यायचा. एवढ्या लांबचं दिसतंय, म्हणजे अजून वेळ आहे. शेजारची शालू फाटकापासून तिला हात धरून शाळेत न्यायची, अर्पिताचं लिहायचं तेही शालूच लिहायची. बाईंनी निरोप पाठवला होता, येऊन भेटा म्हणून. मी म्हटलं, भेटू सवडीने. जास्वंदीचं उत्तर रोज बरोबर येत होतं, तर बाईंचं काय ऐकायचं.

संक्रांतीला आत्या तीर्थपुरीला भावाकडे गेली, म्हणजे माझ्याच वडिलांकडे. ती गेली त्याच दुपारी मला जास्वंदीवर पांढरी कीड दिसली, कपाशीवर येते ती पिठासारखी. फांदीन् फांदी भरली होती. दोन दिवसांत ती सगळ्या बागेत गेली असती. मी कोयता घेतला आणि जास्वंद गुडघ्याएवढी ठेवून तोडली, फांद्या लांब नेऊन जाळल्या. अर्पिता शाळेत होती. आल्यावर सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. तोंडाला सवय. "अर्पिता, जास्वंदीला आज किती?"

जरासा उशीर झाला उत्तराला. "दोन," ती म्हणाली. "एकदम लाल हायेत."

मी खिडकीतून बघितलं. बुडखा उभा होता, त्याच्यावर पानही नव्हतं. तव्यावरची पोळी करपून धूर निघाला, तेव्हा मी गॅस बंद केला.

मी बाहेर आले. ती नीट वेणी घालून बसली होती, तोंड जास्वंदीकडे. मी तिच्यासमोर पायरीवर बसले.

"आपलं फाटक कोणत्या रंगाचं हाये गं?"

तिला कळलं होतं की आता काहीतरी फसलंय.

"निळं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. उजेड दिसतो. कोणी हाललं तर कळतं. बाकी न्हाई."

"मंग फुलं किती ते कसं सांगायचीस?"

"आजी माझ्या तळहातावर बोटं टेकवायची. दोन तर दोन, तीन तर तीन." तिने हात पुढे केला, तळवा उघडा ठेवून. "काल आजी गेली, मंग मी अंदाजानं सांगितलं."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तू बागेत असलीस की रडत न्हाईस," अर्पिता म्हणाली. "दिसत न्हाई म्हणलं असतं तर तू बाग सोडून दिली असती. मंग दिवसभर रडत बसली असती."

दसऱ्यापासून. म्हणजे फाटकाचा पिवळा तिने बघितलाच नव्हता. गोकर्णाचा निळा नाही, झेंडू नाही, फरशी नाही. दुसरी बाग पूर्ण होण्याआधीच तिचं दिसणं संपलं होतं, आणि मी झाकण लावलेल्या डब्यावर धान्य ओतत बसावं तशी रोज तिला हे बघ, ते बघ करत होते. ती छान छान म्हणत होती, माझ्यासाठी.

मी तीर्थपुरीला फोन लावला. "आत्या, तुम्हाला माहीत होतं."

पलीकडे गाईच्या हंबरण्याचा आवाज आला, मग तिचा. "साधना, तुझ्या लेकीचं मी वाटोळं केलं. ते तर परत करता येत न्हाई. म्हणलं, सकाळचं तेवढं एक समाधान तुला देत राहावं. दुसरं काय होतं माझ्या हातात?"

मी फोन ठेवला. कल्याणला सांगितलं तर तो न जेवता दुकानात गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. मी दिवसभर खराट्याला हात लावला नाही. पाणी घातलं नाही. शेजारच्या शेळीने झेंडू खाल्ला, मी बघत बसले. कोणासाठी हाकलायची ती शेळी.

दुसरी सकाळ झाली. मी पोळ्या लाटल्या, तोंड घट्ट मिटून. विचारायची वेळ आली आणि गेली. घर एवढं शांत होतं की तव्याचा आवाज मोठा वाटत होता. मग ओट्यावरून अर्पितानेच विचारलं.

"आई, जास्वंदीला आज किती?"

मी खिडकीतून बुडख्याकडे बघितलं. दोन म्हणावं असं तोंडात आलं होतं.

"एकबी न्हाई," मी म्हणाले. "कीड पडल्ती. तोडली मी तिला परवा."

"बराबर. काल बुडखा लागला माझ्या हाताला," ती म्हणाली आणि दप्तर पाठीला लावून उठली.

मी दारात येऊन उभी राहिले. ती पायऱ्या उतरली. उजवा हात गवती चहावरून सरकत गेला. रांग संपली तिथे तिने ओव्याचं पान चुरगळलं आणि वळली. कोरफडीपाशी अंग चोरलं. कढीपत्त्याला हात लावून पुढे गेली. हळू नाही, अडखळत नाही, मी चालते तशी. दसऱ्यापासून ती रोज अशीच चालत होती आणि एकदाही पडली नव्हती. मी तिच्या डोळ्यांशी शर्यत लावून बसले होते, आणि ती शर्यत केव्हाच संपली होती.

खडीवर धूळ होती, काल मी झाडलंच नव्हतं. ती वाजेल की नाही, या धास्तीने मी पळत सुटले. पण पायाखाली ती बारीक वाजली असावी, कारण अर्पिता थांबली. फाटकाला हात लावून उभी राहिली. शालू अजून आली नव्हती. बाहेरून एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने तिच्या वेणीची रिबीन हलली.

"आई," ती मागे न वळता म्हणाली, "मोकळा हाये का रस्ता?"

मी अनवाणी खडीवरून तिच्याजवळ गेले आणि तिचा हात धरला. फाटकाच्या पुढे मला काहीच लावता आलेलं नव्हतं.