हेझलखालची पानं

रोस्विटाने बागेत सुतळी बांधली तेव्हा नव्या घराला अजून पडदेसुद्धा लागले नव्हते. सुतळी स्वयंपाकघराच्या पायरीपासून निघाली ती थेट मागच्या कुंपणाशी, हेझलच्या झुडपापर्यंत. डावीकडे भाज्या, म्हणजे रोस्विटा. उजवीकडे फुलं, म्हणजे तिची सून इमके.

"आई, बाग आहे ही, सरहद्द नाही," फोल्कर म्हणाला. फोल्कर तिचा एकुलता एक मुलगा. बायको आणि आई एका खोलीत असल्या की त्याला गॅरेजमध्ये काम निघायचं.

"सरहद्द आखलेली असली की भांडणं होत नाहीत," रोस्विटा म्हणाली. जगातली निम्मी भांडणं सरहद्दीवरूनच होतात, हे तिला सांगणार कोण?

नवरा गेल्यावर तीन मजली घर तिला झेपेना, म्हणून ते विकून ती मुलाच्या नव्या घरात, खालच्या मजल्यावर राहायला आली होती. घर सोडताना ती रडली नाही. भाज्यांचे वाफे सोडताना मात्र रडली, आणि तेही कुणाला दिसणार नाही अशा बेताने. इथली जमीन म्हणजे कालपरवापर्यंतचं कुरण. कुदळ मारली की गवताच्या मुळ्याच वर यायच्या. त्यातून बाग उभी करायची तर हुकमत एकीची हवी, असं तिचं मत. ती एक कोण, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

सप्टेंबरात तिने पुढच्या वर्षीच्या बटाट्यांचा वाफा आखला, तर नेमकी तिथेच उघड्या मातीतून गुलाबी फुलं वर आली. पान नाही, काही नाही, नुसतं फूल. दक्षिण जर्मनीत, फ्रँकोनियातल्या गावांत त्यांना 'नागड्या पोरी' म्हणतात. इमके उत्तरेची, समुद्राकाठची. तिने ती कधी पाहिलीच नव्हती. गुडघे मातीत टेकून ती त्यांच्यापुढे बसूनच राहिली.

"काढ ती," रोस्विटा म्हणाली. "विषारी आहेत. चाऱ्यात गेली तर गाय मरते."

"आपल्याकडे गाय कुठे आहे?"

"माणसं आहेत ना!"

संध्याकाळपर्यंत इमकेने सगळे कंद उकरून बादलीत भरले. बादली भरलेली पाहून रोस्विटाचं समाधान झालं. ती पुढे कुठे रिकामी झाली, हे तिने विचारलं नाही. त्या दोघींत विचारपूस अशी नव्हतीच. निरोप असायचे, आणि तेही फोल्करमार्फत.

त्याच आठवड्यात जुन्या घराच्या किल्ल्या देण्याआधी रोस्विटाने तिथल्या रानलसणीचे गड्डे उपटून आणले; हिची पानंच खातात, लसणीच्या वासाची. रानलसणीला सावली लागते, ओल लागते. नव्या बागेत तशी जागा एकच, हेझलच्या खाली. आता ते झुडूप सुतळीच्या उजवीकडे जरा जास्तच झुकलेलं होतं, म्हणजे हिशेबाने सुनेच्या हद्दीत. म्हणून इमके कामावर गेलेली असताना तिने घाईघाईने गड्डे पुरले, वर पालापाचोळा टाकला आणि हात झटकले.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांच्याकडे हिरवं खायची रीत आहे. कुणी पालक करतं, कुणी सात पाल्यांचं सूप. रोस्विटाच्या घरात त्या दिवशी रानलसणीचं सूप व्हायचं. या वर्षी तर इमकेचे वडील ओन्नो पहिल्यांदाच नवं घर बघायला येणार होते. आयुष्यभर फेरीबोट चालवलेला, मासे आणि बटाटे यांपलीकडे काही न खाल्लेला माणूस. त्याला दाखवायचंच होतं, खाणं कशाला म्हणतात ते.

इमके वडिलांना आणायला स्टेशनवर गेली, तशी रोस्विटा सुरी आणि टोपली घेऊन हेझलपाशी गेली. रानात ती रानलसूण एकेक पान खुडून घ्यायची, प्रत्येक पान उलटंपालटं करून बघायची. चाळीस वर्षांची सवय. पण इथे काय बघायचं? आपल्या हाताने लावलेलं! त्यातून चोराच्या मनात चांदणं. रस्त्यावर गाडी वाजली की तिला वाटे, इमकेच आली. मूठ भरली की कापायची, मूठ भरली की कापायची, असं करत तिने टोपली भरली आणि घर गाठलं.

सूप सुरेख झालं. हिरवंगार, वर सायीची रेघ. ती वाढत असताना ओन्नो ताटलीत वाकून हुंगत होता.

"विहीणबाई, हे खायचं की याने भिंत रंगवायची?"

"आधी चाखा, मग बोला."

"वास तर झकास आहे. कुठून आणता हा पाला? बाजारातून?"

"बाजारातून कशाला? बागेतला आहे. हेझलखालचा."

इमके पाव कापत होती. तिची सुरी थांबली. "कुठला म्हणालात?"

झालं, रोस्विटाला वाटलं, आता हद्दीवरून निघणार. "हेझलखालचा. माझी रानलसूण लावली मी तिथे. जरा पलीकडे गेली असेल, म्हणून काय झालं?"

"बाबा, चमचा खाली ठेवा," इमके म्हणाली. "फोल्कर, तू पण."

"अगं, काय झालं?"

"ती गुलाबी फुलं. मी टाकली नाहीत." इमकेचा आवाज अगदी बारीक झाला होता. "टाकवली नाहीत. हेझलखालीच पुरली मी ती."

मग रोस्विटा हसली, म्हणजे तिने तोंड हसल्यासारखं केलं. "अगं, ती फुलं शरदात येतात. आत्ता त्यांचं काय?"

"आत्ता त्यांची पानं येतात, रानलसणीसारखीच दिसतात. पुस्तकात बघितलंय मी."

"पुस्तकात! मला पानं शिकवतेस? हे हुंग." तिने दोन्ही हात सुनेच्या नाकापुढे धरले. "काय वास येतो? लसणीचा ना?"

"एका पानाला हात लावला तरी येणारच. मग सगळ्यालाच येतो."

"तुमच्याकडे समुद्राकाठी मासे ओळखत असाल. पान मी ओळखते. चाळीस वर्षं खाऊ घातलंय घरातल्या माणसांना, अजून एकही मेलेला नाही!"

"रोस्विटा, तुम्ही एकेक पान बघून घेतलंत का? एवढंच सांगा."

दरवर्षी वसंतात कुठे ना कुठे हे घडतं, हे त्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. रानलसूण म्हणून भलतंच खाल्लं, दुपारी हसतखेळत होते, रात्री पोट धरून दवाखान्यात. त्यावर उतारा नाही. पण अशी चूक शहरातली माणसं करतात, नवशिकी करतात. रोस्विटा नाही. आणि व्याह्यासमोर, पहिल्याच पंगतीला, सुनेच्या एका शब्दावर पातेलं मोरीत ओतायचं? मग उद्यापासून या घरात तिला काय राहिलं? बटाटे सोलायचे?

फोल्कर एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत होता. "आई म्हणते आहे म्हणजे..." तो म्हणाला आणि त्याने पुन्हा चमचा उचलला.

"फोल्कर!" इमके ओरडली.

"चल," रोस्विटा उठली. "चल, दाखवते तुला. आणि मग माझी माफी मागशील ती इथे, सगळ्यांसमोर."

दोघी बागेतून गेल्या. रोस्विटा पुढे, ताठ. तिने हेझलच्या फांद्या बाजूला सारल्या, गुडघा दुखत असतानाही खाली बसली आणि पाचोळा हाताने दूर केला.

रानलसणीचं प्रत्येक पान आपापल्या बारीक देठावर जमिनीतून एकटं वर येतं. तसे कापलेले देठ तिला दिसले. पुष्कळ दिसले. तिने मान वळवून इमकेकडे बघितलं, बोलायला तोंडही उघडलं, आणि मग तिची बोटं एका जाड बुंध्याला लागली. त्याला देठ नव्हते. कांद्याच्या पातीसारखी पानं एकाच पोंग्यातून, एकात एक धरून वर आलेली, आणि वरून सुरीने सपासप छाटलेली. त्याच्या शेजारी दुसरा. पलीकडे तिसरा. हे बघायला पुस्तक लागत नव्हतं. सकाळी उजेडात, डोळे उघडे असताना, तिने ते मुठीत धरून कापले होते.

तिने वर बघितलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत फोल्कर दिसत होता. त्याच्या हातात चमचा होता.

"फोल्कर!" ती ओरडली. इमकेही ओरडली, पण खिडकी बंद होती. मग रोस्विटा धावली. ज्या बाईला जिना उतरताना कठडा लागायचा ती सॅलडच्या रोपांवरून, मटारच्या काटक्या मोडत, तिच्याच पेरलेल्या गाजरांच्या ओळी तुडवत धावली. दारात तिचा बूट अडकला, तो तिथेच राहिला. तिने आत जाऊन मुलाच्या हातावर असा फटका मारला की हिरवं सूप भिंतभर उडालं.

"गिळलंस? बोल! गिळलंस का?"

"नाही गं! फुंकत होतो, गरम होतं!"

"तोंड उघड."

चाळिशीच्या फोल्करने तोंड उघडलं. तिने आत बघितलं. "ओन्नो, तुम्ही?"

"मला पोरीने चमचा ठेव म्हटलं, मी ठेवला," ओन्नो म्हणाला. "बोटीवरची सवय आहे. ओरडलं की थांबायचं, कारण मागून विचारायचं." तो भिंतीकडे बघत होता. "आता मात्र भिंत खरंच रंगवलीत, विहीणबाई."

फोल्करला हसू आलं. भीती सरली की माणूस कशालाही हसतं. तो खुर्चीत मागे टेकला, ओन्नोने त्याच्या पाठीवर थाप मारली. इमके दारात धापा टाकत उभी होती, तिनेही डोळे पुसले. कुणी काही खाल्लं नव्हतं. पाव होता, उकडलेली अंडी होती. दिवस वाचला होता.

रोस्विटा एका पायात बूट घालून शेगडीला टेकली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिच्या मनात आलं, गप्प राहिलं तर? चूक तर सगळ्यांनी बघितलीच. निदान एवढं तरी बघायला नको. असेल नसेल, थोडंच तर पोटात गेलं. पानंही त्यातली सगळी तसली नव्हती. काही होतसुद्धा नाहीये. तिला अगदी बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचाच अर्थ काही नसतो, हे तिला त्या खोलीत सगळ्यांत जास्त माहीत होतं.

"इमके," ती म्हणाली.

या घरात आल्यापासून तिने सुनेला नावाने क्वचितच हाक मारली होती. इमकेने वळून बघितलं.

"मीठ बघायला लागतं ना," रोस्विटा म्हणाली. "सूप करताना."

फोल्करला आधी कळलंच नाही. इमकेला कळलं. "किती?"

"एक चमचा. मग लिंबू पिळलं, म्हणून एक."

"तेवढंच? रोस्विटा, खरं सांगा. तेवढंच ना?"

"छान झालं होतं," रोस्विटा म्हणाली. "म्हणून उभ्या उभ्या आणखी वाटीभर खाल्लं."

इमकेचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्यासाठी या घरात कुणाचा चेहरा असा पडेल, अशी आशा रोस्विटाने कधीच सोडून दिली होती. तो बघताना तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली, मरणाची, आणि त्याहून जास्त, आता कुठे सुरू झालेलं हे सगळं एवढ्यात संपण्याची. फोल्कर फोनवर पत्ता सांगता सांगता रडायला लागला होता. इमकेने त्याच्या हातातून फोन घेतला, पत्ता नीट सांगितला, आणि दुसऱ्या हाताने रोस्विटाचं मनगट धरलं ते रुग्णवाहिका दारात येईपर्यंत सोडलं नाही.