निळं दिसलेलं झबलं

"पहिले धवळं देख पोरी, मंग तोंड देख," कुंदाअक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, आणि मंजुळानं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. धवळं म्हणजे पांढरं. चित्रात पांढरं काय आहे ते आधी शोधायचं. नवरदेवाच्या बापाची टोपी असो नाहीतर मांडवातली गादी असो, ती खरोखर पांढरी दिसेपर्यंत व्हिडिओ मिक्सरवरची रंगाची दांडी हलवायची, आणि मगच माणसांच्या चेहऱ्यांकडे वळायचं. बी.एस्सी. झालेल्या मंजुळाला वाटलं, लग्नाची कॅसेट बघणारा टोपी बघतो की नवरी?

धुळ्यात पाचव्या गल्लीत अक्कांचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. एक खोली, काळे पडदे, दोन व्हीसीआर, एक मॉनिटर. यजमान गेल्यावर अक्कांनी दुकानाला कुलूप न लावता खुर्चीवर स्वतः बसायचं ठरवलं. मंजुळाचं माहेर त्याच गल्लीत. बाळंतपणाला ती जळगावहून आली तेव्हा दिवस रिकामे होते. नवरा हिलाल लग्नांचं शूटिंग करायचा. रंग जुळवायला आपणच शिकलो तर घरचं काम घरात राहील, म्हणून ती रोज अक्कांकडे जाऊन बसू लागली.

एकदा तिनं एका हळदीच्या कार्यक्रमातला पिवळेपणा इतका मन लावून काढला की नवरी गोरीपान निघाली. नवरीची आई कॅसेट नाचवत दुकानात आली.

"आमनी पोरले हळद लायेल व्हती ना? गयी कोठे ती?"

"आमनी बी.एस्सी. बाईनी धुई टाकी," अक्का म्हणाल्या, आणि हसताना त्यांना ठसका लागला. ती बाई गेल्यावर मात्र त्या मंजुळाकडे वळल्या. "डोळा लबाड शे, पोरी. घडीभर पिवळं देखं का त्याले तेच खरं वाटस."

मंजुळानं मान हलवली. तेव्हाही मनात म्हणाली, एवढं काय त्यात.

मुलगी झाली. बारशाला अक्का आल्या नाहीत. "मी कशाले मांडवमा," म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं शिवलेलं मलमलचं पांढरंशुभ्र झबलं तेवढं पाठवलं. छकुलीला त्यांनी पाहिलं नाही ते नाहीच. सव्वा महिना झाल्यावर हिलाल मायलेकींना जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी घेऊन गेला.

आता मंजुळाची गोष्ट अशी, की जगात तिच्याइतकी काळजी करणारी आई नसेल. बाळ झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. सासूबाई बेबाबाई म्हणायच्या, "अगं, झोपू दे तिला, ती काय दूध आहे उतू जायला?" तरी हिचं बघणं चालूच. पण घराच्या भिंती पिवळ्या रंगाच्या, खोलीत पिवळा बल्ब, आणि तोच चेहरा दिवसरात्र डोळ्यांसमोर. डोळ्यांना काही वेगळं दिसेचना.

हिलालनं अंगणात छकुलीचं शूटिंग घेतलं, अक्कांचं झबलं घालून. कॅसेट लावली तर बाळ पिवळं.

"एक व्हाइट बॅलन्स लावता येत नाही तुम्हाला!" मंजुळा म्हणाली.

"लावला होता की. उन्हात लावला होता, कॅमेऱ्यापुढे पांढरा कागद धरून."

"मग हे काय आहे?"

घरी नवा घेतलेला मिक्सर होता. तिनं दांडी हलवली. थोडी निळ्याकडे, आणखी थोडी. छकुली गुलाबी झाली. बेबाबाईंनी बोटं मोडून दृष्ट काढली. मंजुळाला एवढा आनंद झाला की धुळ्याला शूटिंगला निघालेल्या हिलालजवळ तिनं कॅसेट दिली. अक्कांना दाखवा, म्हणावं तुमची शिष्या तयार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. अक्का उतरल्या. चप्पलही न काढता आत आल्या.

"पोर कोठे शे?"

"झोपलीय. अक्का, तुम्ही अशा अचानक? चहा..."

"चहा राहू दे. मी शिवेल झबलं कोणता रंगनं व्हतं?"

"पांढरं."

"तुनी कॅसेटमा ते निळं कसं व्हयनं?"

अक्कांनी छकुलीला उचललं, अंगणातल्या उजेडात नेलं, पदराचं पांढरं टोक तिच्या गालाशी धरलं आणि मंजुळाला जवळ ओढलं.

"देख. आते तरी पहिले धवळं देख."

मंजुळानं पदर पाहिला, मग गाल, मग डोळ्यांतला पांढरा भाग. तो पांढरा नव्हताच. तिनं छकुलीला आपल्याकडे घेतलं आणि ओट्यावर बसून तिचे तळवे बघू लागली.

"हिलालना कॅमेरा चांगला शे," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "पिवळं कॅसेटमा नव्हतं, पोरी. ऊठ. दवाखानामा चाल."

बाळाच्या शीचा रंग कसा आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. पांढरट मातीसारखा, मंजुळा म्हणाली. तेही ती रोज बघत होती, दुधामुळे असेल म्हणून सोडत होती. पित्ताच्या नळीत अडथळा होता, त्याची ही कावीळ. मुंबईला ऑपरेशन झालं. "वेळेवर आणलंत," असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले तेव्हा मंजुळानं मागे वळून बाकावर बसलेल्या अक्कांकडे पाहिलं. अक्का बाळासाठी आणलेल्या धोतराच्या फडक्याची घडी घालत होत्या, आणि ती घडी त्यांना जमत नव्हती.

छकुली आता बालवाडीत जाते. चित्रात सूर्य निळा रंगवते आणि कुणी टोकलं तर भांडते. जळगावात मंजुळाचं कॅसेटचं काम चांगलं चालतं. प्रत्येक काम सुरू करताना ती आधी एक पांढरी गोष्ट शोधते, आणि ती सापडली की क्षणभर हात जोडते. हिलाल चेष्टा करतो. ती ऐकून घेते.

एक गोष्ट मात्र तिला हल्ली सतावते. अक्कांच्या दुकानातून अलीकडे आलेल्या दोन कॅसेटी निळसर होत्या. टोप्या निळ्या, भिंती निळ्या. अक्का फोनवर म्हणतात, "मले तर चांगलं दिसस." छकुलीला गोवर आलाय, म्हणून मंजुळाला घर सोडता येत नाही.

तेव्हा धुळ्याकडे जाणारं कुणी हे वाचत असेल, तर पाचव्या गल्लीत जरा डोकावून या. काळा पडदा सारला तरी त्या लगेच वळून बघायच्या नाहीत. जोरात हाक मारा. त्यांना दाराबाहेर उजेडात आणा, आपला पांढरा रुमाल समोर धरा आणि विचारा, अक्का, हा कोणता रंग? पिवळा म्हणाल्या, तर मोतीबिंदू समजा आणि त्यांना तिथून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. चहा राहू दे म्हणावं.