पहिलं बोंड शीतलच्या हातचं

जयवंताबाईंची तक्रार सकाळपासून चालू होती, आणि ती अख्ख्या गल्लीला ऐकू जात होती.

"पहा वो पहा! उद्या गनिताचा पेपर, अन् ह्या महाराणी आज पुस्तक उघडून बसल्या! सालभर काय करत होती म्हनावं? तहान लागल्यावर हीर खनून राह्यली!"

महाराणी म्हणजे त्यांची नात शीतल. दहावीतली. ओसरीच्या कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याला पाठ टेकून ती बसली होती. मांडीवर पुस्तक, पुस्तकावर गाइड, गाइडावर मैत्रिणीची वही. डोळे मिटून वर्गसमीकरणाचं सूत्र आरतीसारखं म्हणायची, डोळे उघडून पुस्तकात बघायची आणि चुकलं की स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायची. सूत्र पाठ होत होतं. ते कशासाठी आहे, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरकडच्या त्या गावात जयवंताबाईंचा दरारा होता. धनी गेल्यावर बारा एकर कापूस-ज्वारी त्यांनी एकटीनं राखली. शाळा दुसरीपर्यंतच. सही करताना 'ज' नंतर थांबून श्वास घ्यावा लागे. तोंडाला मात्र कधी थांबावं लागलं नाही. मुलगा रविकांत त्यांच्यापुढं मान खाली घालून उभा राही, आणि सून चंदा तर स्वयंपाकघरातून मानच बाहेर काढत नसे.

"आयकून ठेव शीतल," त्या म्हणाल्या. "पास झाली तं जाय आदिलाबादले, शिक थे पॉलिटेक्निक. म्या काई आडवी येत नाई. पन नापास झाली तं किनवटकडचे पाव्हने हायेत. जेठात लगीन उरकून टाकतो. मले आळशी पोट्टी घरात नोको!"

सोळा वर्षांची पोर, आणि तिचा सगळा जन्म एका पेपरावर टांगलेला! शीतलनं वर पाहिलं नाही. उजव्या हातानं तेवढं पान उलटलं.

त्याच हाताचं तर जयवंताबाईंना केवढं कौतुक! कापूस फुटला की पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात सीतादही करतात. झाडाच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि मग पहिलं बोंड घरच्या मुलीनं वेचायचं. शीतल नऊ वर्षांची असताना तिनं पहिलं बोंड वेचलं, आणि त्या साली कापूस असा काही पिकला की ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. झालं! पोरीच्या हाताला गुण आहे, लक्ष्मीचा हात आहे, असं जयवंताबाईंनी जाहीर करून टाकलं. मग शेजारचे बापूजी आले, वरच्या आळीचे लक्ष्मणराव आले, "वहिनी, आमच्या वावरात बी पाठवा की शीतलले" म्हणून गेले. जयवंताबाई दरवर्षी नटवून पाठवू लागल्या. नात दुसऱ्याच्या वावरात जाऊन बोंड वेची, आणि आजीची मान इकडं घरी उंच होई.

दुपारी अंगणात स्कूटी थांबली. मैत्री मॅडम आल्या होत्या, मराठी माध्यमाच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका. गाव त्यांना मॅडम म्हणे. जयवंताबाई मात्र 'चंद्रभागेची पोट्टी' म्हणत, कारण चंद्रभागा वीस वर्षं त्यांच्याच वावरात कापूस वेचायला येत होती. हंगामात साऱ्या बायका आपल्या पोरी सोबत आणत, चंद्रभागा एकटी येई. "दोन हात घरी ठेवून येतं! बालिस्टर करनार हाय पोट्टीले!" असा टोमणा जयवंताबाईंनी तिला बांधावर उभं राहून, साऱ्या बायकांसमोर मारला होता. चंद्रभागेनं ओटी घट्ट बांधून पुढची ओळ धरली होती.

"शीतल, काय अडून राह्यलं बाई?" मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या.

"समरूप त्रिकोन. श्रेढी. वर्गसमीकरन..." शीतलचा आवाज रडवेला झाला. "मॅडम, सगळंच."

"सगळंच!" जयवंताबाई कडाडल्या. "तुमच्या शाळेत शिकवतंत का नुसती खिचडी खाऊ घालतंत?"

मैत्री मॅडमनी पिशवीतून आपली वही काढली. "आजी, हाजिरी वाचून दाखवू काय? म्या माही टिपून ठेवतो."

"वाच की! मले काय भेव हाय काय?"

"दिवाळीची सुटी सपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सोमवार. शीतल गैरहाजर."

"थो तं बापूजीच्या सीतादहीचा दिवस!" जयवंताबाईंना राहवलं नाही. "नवं लुगडं काढलं होतं म्या तिच्यासाठी. बापूजी सोता घ्यायले आले होते."

"त्या दिवशी म्या समरूप त्रिकोन सुरू केले. बुधवार, गैरहाजर."

"लक्ष्मणरावाच्या वावरात. त्यायची सून म्हने, शीतलच्या हातचं बोंड म्हंजे..."

"बुधवारी त्याच त्रिकोनाचा दुसरा भाग होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार?"

"आमचा पयला वेचा." आवाज अजून ताठ होता, पण शब्द आता मोजून येत होते. "ज्या हातानं पयलं बोंड वेचलं, त्याच हातानं वेचा पुरा करा लागतो. नाईतं लक्ष्मी रुसते. आमच्या घरची रीत हाय."

"त्या तीन दिवसांत श्रेढी झाली. मंग दुसऱ्या वेच्याचे नऊ दिवस, त्यात वर्गसमीकरन गेलं. मंग तिसऱ्याचे..."

मॅडम वाचत गेल्या. एक तारीख त्यांनी वाचायची आणि त्या दिवशी नात कुठं होती ते आजीनंच सांगायचं, असं चाललं होतं. कुणी भांडत नव्हतं, कुणी खोटं बोलत नव्हतं. शेवटी शेवटी तर जयवंताबाई नुसत्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसल्या.

"छत्तीस दिवस, आजी," मॅडम म्हणाल्या. "मोबाइल पाहून नाई, खेळून नाई, आळसानं नाई. शीतल आज घोकून नाई राह्यली. तुमी नेलेले छत्तीस दिवस एका दुपारी वापस मागून राह्यली. तहान लागल्यावर हीर खनते म्हनता तुमी. मंग खनायच्या वक्ताले तिच्या हातची कुदळ कोनी हिसकून घेतली?"

स्वयंपाकघराच्या दारात चंदा येऊन उभी राहिली होती. रविकांतनं मान आणखी खाली घातली. एवढ्यावर कुणाचाही ताठा उतरला असता! पण जयवंताबाईंचा ताठा बाभळीच्या लाकडाचा होता.

"चंद्रभागेच्या पोट्टीनं मले शिकवावं काय?" त्या उठल्या. "माह्या नातीच्या हाताले गुन हाय. उद्या पेपरले बी तोच हात जाईन!"

पाच वाजेपर्यंत मॅडम शीतलला समोर घेऊन बसल्या. समरूप त्रिकोणाच्या अर्ध्यापर्यंत दोघी पोचल्या. श्रेढीला हात लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाईंनी सीतादहीची वाटी काढली, शीतलच्या उजव्या तळहातावर दही ठेवलं, हळदकुंकू लावलं. रविकांत तिला मोटारसायकलवर परीक्षा केंद्रावर सोडून आला. पेपर सुटल्यावर पोर घरी आली ती चप्पल न काढताच ओसरीत उभी राहिली.

"कसा गेला?"

"जे जे पाठ केलं थे सगळं आलं, आजी," शीतल म्हणाली. "पन आकडे बदलून आले."

आणि ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, सामाजिक शास्त्रात तर वर्गात पहिली. गणितात तेवढे पाच मार्क कमी पडले. जयवंताबाईंनी रविकांतला सांगितलं, "किनवटवाल्याइले फोन लाव. पाहाले या म्हना."

फोन लागायच्या आधीच बापूजी अंगणात आले. हातात पेढ्यांचा डबा. त्यांची नात शुभांगी पास झाली होती, आणि चांगल्या मार्कांनी!

"घ्या वहिनी, तोंड गोड करा. शुभांगीनं नाव काढलं." मग आवाज हलका करून म्हणाले, "शीतल नापास झाली म्हने? जाऊ द्या. हात चांगला हाय पोरीचा, दिल्या घरी सुखी राहीन. पन लगीन जवळपास करा बरं! दिवाळीनंतर आमच्या सीतादहीले तिलेच बोलवा लागन ना."

"तुमची शुभांगी हाय की," जयवंताबाई सहज बोलून गेल्या. "तिच्या हातानं काऊन नाई करत?"

"अवो, कसं करन?" बापूजींनी अगदी निर्मळ मनानं सांगितलं. "थे आदिलाबादले होस्टेलात असते. सीतादहीसाठी आनली तं तिची शाळा बुडन ना!"

तिची शाळा बुडन!

जयवंताबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. सात वर्षं! सात वर्षं हा माणूस आपल्या दारातून आपली पोर घेऊन जात होता, आणि स्वतःची पोर शाळेत सांभाळून ठेवत होता! त्यानं फसवलं का? मुळीच नाही. त्यानं नुसतं मागितलं होतं. लुगडं नेसवून, केसात फुलं माळून, 'लक्ष्मीचा हात' म्हणत पाठवलं होतं ते आपणच! मैत्री मॅडमच्या वहीनं जे झालं नव्हतं, ते एका पेढ्यानं झालं.

"रविकांत!" त्या ओरडल्या. "फोन ठेव खाली!"

"पन माय, तू किनवटवाल्याइले शब्द देला होता..."

"शब्द म्या देला, म्याच मोडतो! सोळा सालची पोट्टी हाय थे, पोतं नाई कापसाचं, जिनिंगले नेऊन टाकाले!" मग बापूजींकडं वळून डबा त्यांच्या हातात परत दिला. "पेढे घेऊन जा भाऊजी. आमचं तोंड कडूच बरं हाय."

चपला घालून त्या निघाल्या. खालच्या वस्तीत निळा झेंडा लावलेल्या विहाराच्या मागं चंद्रभागेचं घर होतं. वीस वर्षं जी बाई त्यांच्या वावरात राबली, तिच्या ओट्यावर त्या कधी बसल्या नव्हत्या. चंद्रभागा मिरच्या वाळत घालत होती. तिनं वर पाहिलं, हात पदराला पुसले आणि खाट पुढं सरकवली.

"बसा बाई. चहा घेता का आमच्या घरचा?"

जयवंताबाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग बसल्या. "घेतो. साखर कमी टाक." आणि थोड्या वेळानं, कपाकडं पाहतच म्हणाल्या, "बांधावर तुले जे बोललो होतो, थे ध्यानात हाय काय?"

"हाय," चंद्रभागा म्हणाली. बस्स, एवढंच.

मैत्री मॅडम घरीच होत्या. त्यांनी काही गोड सांगितलं नाही. पुरवणी परीक्षा महिन्याभरात होती, रोज दोन तास बसली तर शीतल सुटेल. पण यंदाच्या पॉलिटेक्निकची वेळ गेली. तिच्या मैत्रिणी पुढं निघून जाणार आणि हिचं वर्ष वाया जाणार, आणि ते कुणालाच भरून देता येणार नाही. जयवंताबाई कप खाली ठेवून उठल्या.

लोकहो, आपल्या घरात डोकावून बघा. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोर घोकत बसली की आपण तिच्या नावानं खडे फोडतो. पण वेचणीला, पाहुण्यांना, लग्नाकार्याला, सणावाराला तिचेच दिवस कोण कापून देतं? कौतुकाच्या गोड नावाखाली मुलीची शाळा बुडवणं हीसुद्धा चोरीच आहे, आणि ही चोरी करणारा बाहेरून येत नाही. ज्या रितीपायी शेजारी स्वतःची लेक वावरात आणत नाही, ती रीत आपल्या लेकीच्या गळ्यात बांधू नका. रीत पाळायचीच असेल तर मोठ्यांनी आपल्या हातानं पाळावी!

जयवंताबाई घरी परतल्या तेव्हा शीतल पोत्याला टेकून बसली होती. पुस्तक मिटलेलं होतं. आजी तिच्यासमोर उभी राहिली आणि मुद्दाम मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं बोलली:

"ए पोट्टे, वर पाह्य माह्याकडं! तुले आळशी म्हनलं म्या, गल्लीभर म्हनलं. थे खोटं होतं, आता हे बी गल्लीभर आयकू दे. तुहे छत्तीस दिवस म्या चोरले, अन् त्यातला एक बी वापस देऊ शकत नाई. यंदाचं सीतादही म्या करतो, माह्या या म्हाताऱ्या हातानं. लक्ष्मी रुसली तं रुसू दे! तुह्या बोटाले शाळेच्या दिवशी कापूस लागलेला दिसला तं माह्याशी गाठ हाय. अन् घोकू नोको आता, समजून घे. आकडे बदलून येतच राहतीन, बाई. जाय, ऊठ. मॅडम वाट पाहून राह्यली."