दोनशेपैकी एकशे सोळावा

"काढा की बाहेर आता, साडूभाऊ. गुदमरेल तो आत," साडू म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

सूतभर मिस्त्री हसला नाही. खोक्याचं झाकण त्यानं डाव्या हातानं उचललं. आत मऊ पांढऱ्या कापडाची पिशवी, पिशवीत तेलकट कागद आणि कागदात रंधा. पितळी अंगाचा, गडद लाकडी मुठीचा, चांगला वजनदार. सोबत एक जाड कार्ड होतं. त्यावर कारखान्यातल्या कुणा जुन्या कारागिराची सही आणि आकडा, दोनशेपैकी एकशे सोळावा. असे दोनशेच रंधे काढणार आणि मग साचा मोडून टाकणार, असं त्या कारखान्यानं जाहीर केलं होतं. मिस्त्रीनं नाव नोंदवून सात महिने वाट पाहिली होती.

"एवढ्यात माझी दुचाकी आली असती," साडू म्हणाला. तो नळजोडणीची कामं करायचा, आणि जगातल्या सगळ्या हत्यारांची किंमत आपल्या पान्यावरून करायचा. "शेवटी काय, लाकूड खरवडायचं ना? की हा आधी लाकडाची परवानगी घेतो?"

"दुकानदार म्हणाला, वापरू नका. खोका, कार्ड सगळं जपून ठेवा. पाच वर्षांत दुप्पट किंमत येईल."

"मग नका वापरू."

"रंधा आहे तो. फुलदाणी नाही."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. कामाची खोली म्हणजे घराला चिकटवलेली पत्र्याची एक लांबट जागा. दार स्वयंपाकघरात उघडायचं, त्यामुळे आतला प्रत्येक आवाज तिच्या कानांवरून जायचा. रंध्याचे पैसे तिचेच होते. दोन्हीकडच्या दाढा गेल्या होत्या, कवळी करायची म्हणून तिनं तीन वर्षं बाजूला टाकलेले. मिस्त्रीनं भीत भीत विषय काढला तेव्हा ती एका शब्दानंही नाही म्हणाली नव्हती. "घ्या. मी काय, मऊ शिजवीन नि खाईन." इतक्या लवकर ती कबूल होईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि मनातून त्याला ते जरा खटकलंही होतं.

आता हा सूतभर कोण, ते सांगायला हवं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुणीही फळी कापून दाखवली की हा माणूस एक डोळा मिटून म्हणायचा, "सूतभर जास्त आहे." म्हणून सगळी गल्ली त्याला सूतभर म्हणू लागली, आणि त्यालाही ते आवडायचं. खण करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या कपाटाचा एक खण आत ढकलला की कोंडलेल्या हवेनं शेजारचा खण बोटभर बाहेर यायचा. गिऱ्हाइकाला हे दाखवताना तो तोंडानं काही बोलायचा नाही, नुसता खण ढकलायचा आणि बाजूला होऊन उभा राहायचा.

गेल्या वर्षापासून मात्र खण बिघडायला लागले. एखादा अडकायचा, एखादा खुळखुळायचा. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी बटणं आणि दोरे ठेवायला बारा खणांचं कपाट सांगितलं होतं. सहा झाले, त्यातले दोन वाया. उजवा हातही हल्ली स्वतःशीच काहीतरी करत बसायचा. रिकामा असला की अंगठा तर्जनीवर फिरायचा, तंबाखू मळल्यासारखा. "थंडीनं होतं," मिस्त्री म्हणायचा. मग उन्हाळा आला, तेव्हा तो हात मांडीखाली घालून बसायला लागला.

पण हातानं बिघडतंय असं म्हणायला जीभ वळत नव्हती. म्हणून त्यानं रंध्याला धरलं. जुना लाकडी रंधा, सासऱ्यानं लग्नात दिलेला. सासरा स्वतः सुतार होता, आणि जावयाला अंगठी देण्यापेक्षा हत्यार द्यावं असं त्याचं मत होतं. तळ वाकडा झालाय, असं मिस्त्रीनं ठरवलं. काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यानं तो तळ घासला. काम सुधारलं नाही. पुन्हा घासला. लाकडी रंध्याचा तळ घासला की पात्याची फट रुंद होते आणि फट रुंद झाली की लाकूड ओरबाडलं जातं. हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं त्याची सालटी काढली असती. पण वर्षभरात सात वेळा घासून शेवटी त्यानं तो रंधा कामातून घालवला, आणि मग म्हणाला, बघा, मी म्हणत नव्हतो?

तर हा नवा रंधा असा होता. यानं काम नीट झालं, तर दोष जुन्या रंध्याचा. नाही झालं, तर चौतीस वर्षांचा धंदा आटोपला. मिस्त्रीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच खोका आल्यावर दोन दिवस त्यानं तो उघडला नव्हता. आज साडूच्या बडबडीच्या आधारानं उघडला.

कारखान्यानं पातं धार लावूनच दिलं होतं. तरी मिस्त्रीनं ते काढलं आणि दगडावर चढवलं. दुसऱ्यानं लावलेल्या धारेवर कुठलाही सुतार काम करत नाही. मग एक सरळ रेषांचं मऊ फळकूट बाकावर अडकवलं, पातं अगदी केसभर बाहेर ठेवलं आणि दोन्ही हातांनी रंधा धरला.

रंधा लोण्यासारखा सुटला. सालपट वर आलं, पातळ, त्यातून पलीकडचं दिसावं असं. फळकुटाच्या निम्म्यापर्यंत गेलं आणि तुटलं. हात मध्येच थांबला होता. त्यानं थांबवला नव्हता, तो थांबला होता.

"वा," साडू म्हणाला.

मिस्त्रीनं पुन्हा फिरवला. वीतभर सालपट, मग तुटलं. पुन्हा. पातं थोडं आत घेतलं. पुन्हा तेच. पातं काढून परत धार लावली, फळकूट उलटं केलं, बाक सरकवला, खिडकी उघडली. साडूचा चहा संपला. बाकाखाली बोटाबोटाएवढ्या तुकड्यांचा ढीग झाला.

"लाकूडच तसलं असेल," मिस्त्री म्हणाला. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता.

"मी बघू का एकदा?" साडू उठला. "एवढ्या पैशाच्या वस्तूला हात तरी लावून घेतो. उद्या सांगायला बरं."

मिस्त्रीनं नको म्हणायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं, यालाही जमणार नाही. नळवाला, आयुष्यात रंधा धरलेला नाही. याच्या हातूनही तुटलं तर लाकूडच वाईट. तो बाजूला सरकला.

साडूनं पान्यासारखा मुठीला हात घातला, कोपर वाकडं, पाय चुकीचे, आणि दिला ढकलून. सर्रकन आवाज झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सालपट निघालं आणि वळत वळत त्याच्या मनगटावर येऊन बसलं.

"अरे बापरे," साडू म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. सालपट दोन हातांत ताणून त्यानं उजेडाकडे धरलं. "वसूल, साडूभाऊ. पैसे वसूल तुमचे. माझ्यासारख्या अडाण्याच्या हातून असं निघतं, तर तुमच्या..."

मग त्याचं लक्ष मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे गेलं. तोंडातलं वाक्य त्यानं तिथंच टाकलं. सालपट कुठं ठेवावं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते हळूच बाकावर ठेवलं, एका ठिकाणी नळ गळतोय असं काहीतरी पुटपुटला आणि चपला घालून गेला.

बायको झाडू घेऊन आत आली. वाकून तिनं तुकडे गोळा केले आणि पोत्यात भरले. ती एकदाही थबकली नाही, वर बघितलं नाही, हे काय झालं म्हणून विचारलं नाही. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"हात बघितलास?"

"हात नाही. पोती." तिनं झाडू भिंतीला टेकवला. "कोंबडीवाला पोती न्यायचा ना खुराड्यात अंथरायला. आधी आठवड्याला चार व्हायची. सालपटं लांब, एकमेकांत गुंतलेली, कितीही दाबा, फुगून वर यायची. मग तीन व्हायला लागली, मग दोन. आणि जड. काम तेवढंच, लाकूड तेवढंच. कोंबडीवाला म्हणाला, ताई, हल्ली चुरा फार येतोय. मी म्हटलं, मिस्त्रींनी लाकूड बदललंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?"

त्यानं बाकावरचं साडूचं सालपट बोटांनी बाजूला सारलं.

"तुम्ही बाबांचा रंधा घासत होतात, मी दारातून बघायची," ती म्हणाली. "एकेकदा वाटायचं, हातातून ओढून घ्यावा. त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला त्या मुठीत. पण म्हटलं, जाऊ दे. रंध्याचाच दोष असू दे. रंधा गेला तर गेला, हात राहू दे. दातांचे पैसे पण त्यासाठीच दिले. मला काय पितळेचं कौतुक?"

मिस्त्रीला फार लाज वाटली. हात गेला याची नव्हे. ते दुःख अजून नीट पोचलंच नव्हतं. त्या निरपराध रंध्याला वर्षभर घासून घासून संपवलं, आणि ज्याच्या हातानं तो झिजला होता त्याची मुलगी दारात उभी राहून ते सोसत होती, याची. तो बाकावर बसला आणि डाव्या हातानं उजवा हात घट्ट धरून ठेवला.

"हा परत देता येईल का?" तिनं विचारलं. "दुकानदार म्हणाला ना, किंमत येईल म्हणून."

"पातं दगडाला लावलं मी."

"त्यानं काय होतं?"

"वापरलेला झाला. जपून ठेवणाऱ्यांना कोरा लागतो. आता निम्म्यात कुणी घेतला तरी पुष्कळ."

पदराला लागलेला भुसा तिनं झटकला. "उद्या डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"जाऊ."

शिवणकामाच्या बाई त्याच दुपारी चारला आल्या. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेला. गळ्यात टेप तशीच लटकत होती. मिस्त्रीनं झालेले सहा खण बाकावर मांडले, त्यातले दोन उचलून मागे ठेवले.

"ते पण द्या की," बाई म्हणाल्या. "बटणंच तर ठेवायची आहेत. मला चालतील हो."

"मला चालत नाहीत," मिस्त्री म्हणाला. मग त्यानं घसा साफ केला. "बाई, बाकीचं काम माझ्याकडून व्हायचं नाही. लाकूड कापून तयार आहे, तेवढं घेऊन जा."

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दारातल्या बायकोकडे. "मग करून कोण देईल?"

वरच्या गल्लीत एक सुतार होता. त्याचं नाव या घरात पंचवीस वर्षं कुणी धड घेतलं नव्हतं. त्याचे सांधे नुसत्या सरसाच्या चिकटावर उभे असतात, तो फटीत भुसा भरतो, असं मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. निम्मं ते खोटं होतं आणि मिस्त्रीला ते माहीत होतं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि त्या सुताराचा पत्ता लिहायला सुरुवात केली.

पहिली दोन अक्षरं बरी आली. पुढची लहान झाली, त्यापुढची आणखी लहान, आणि गल्लीच्या नावापर्यंत येता येता नुसती मुंगीएवढी टिंबं उरली. बाईंनी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"द्या इकडे," बायको म्हणाली. तिनं पुठ्ठा उलटा केला, त्याच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली आणि शाळेतल्यासारख्या गोल, ठसठशीत अक्षरांत पत्ता लिहिला. मिस्त्री तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होता.

"खाली आणखी एक ओळ लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"लिही, हात चांगला आहे त्याचा."