चिकटलो ते बरं झालं

मी एक जुना, खोलगट, बिडाचा तवा आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी पक्का भित्रा आहे. भट्टीतला लालभडक रस साच्यात ओतून मला घडवलं, तेव्हापासून भीती माझ्या अंगात मुरली आहे. पण त्या दिवशी माझी जशी पाचावर धारण बसली, तशी कधीच बसली नव्हती.

आधी माझे सुखाचे दिवस ऐका. या घरची आई माझ्यावर कच्च्या खिम्याची ताजी सॉसेज करायची. मी गार असतानाच ती त्यांना माझ्यात मांडायची, घोटभर पाणी घालायची आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यायची. पाणी आटलं की झाकण काढून त्यांच्याच चरबीत खरपूस परतायची. मग मला धुऊन, कोरडं पुसून तेलाचा हात फिरवायची. "माझा काळा राजा!" म्हणायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे आईचा हात मोडला, प्लास्टर आलं आणि स्वयंपाक थोरल्या मुलाकडे गेला. त्याने मला साबणाने खसाखसा घासलं आणि ओलंच टाकून दिलं. मला गंज चढला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

अशात धाकटी लेक माहेरी आली. तिला सातवा महिना होता. खाटकाकडून आणलेली सॉसेज पाहून ती म्हणाली, "दादा, लवकर कर रे, भुकेने जीव चाललाय!"

दादाने मला पाण्याखाली धरलं, गॅसवर ठेवलं आणि आच मोठी केली.

"आच मंद ठेव रे!" बाहेरच्या खोलीतून आई ओरडली.

"कळतं गं मला!"

कळतं म्हणे! पाणी नाही, झाकण नाही. बघता बघता सॉसेज बाहेरून छान तांबूस झाली. पण आतला गारठा मला कळत होता. आतलं मांस कच्चं होतं! ते कुणालाही बाधतं, आणि हिच्या तर पोटात बाळ. अरे देवा, ओरडू तरी कसा? मी तडतडलो, धूर काढला.

"वास बघ कसला सुटलाय!" दादा खूश होऊन म्हणाला. धाकटीने ताट पुढे केलं. भीतीने माझं पाणी पाणी झालं.

दादाने उलथणं घातलं, पण पहिलंच सॉसेज निघेना. माझ्या गंजलेल्या अंगाला ते घट्ट चिकटलं होतं. त्याने जोर लावला तशी साल फाटली आणि आतलं गुलाबी, कच्चं मांस बाहेर आलं.

"थांब, खाऊ नकोस!" दादाचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटीने ताट खाली ठेवलं आणि पोटावर हात ठेवला.

"आई," दादाने हळूच विचारलं, "पाणी किती घालायचं गं?"

त्या दिवशी जेवायला उशीर झाला, पण धाकटी पोटभर जेवली. नंतर आईने सांगितलं तसं दादाने माझा गंज घासून काढला, मला पुसून तेल लावलं. तवा चिकटला ते बरं झालं, असं सगळे म्हणाले.

मित्रांनो, मला मात्र अजून धडकी भरते. आता रोज तेल मिळतं, मी पुन्हा गुळगुळीत झालोय. पुढच्या वेळी कुणी घाई केली, तर माझ्या अंगाला काहीच चिकटायचं नाही. म्हणून हात जोडून सांगतो, आच मंद ठेवा आणि वाढण्याआधी एक कापून बघा. मला ओरडता येत नाही.